खोक्याच्या तळाशी राहिलेला साका

एका सकाळी सोयादुधाचा रिकामा खोका कचऱ्यात टाकण्यापूर्वी तो चपटा करावा, म्हणून मी कात्रीने त्याची एक बाजू उघडली आणि आतल्या चकचकीत तळावर मला पांढऱ्या साक्याचा एक थर दिसला. तो मी बोटाने निपटून पाहिला. हाताला तो खडूच्या भुकटीसारखा लागला, चिमटीत चोळल्यावर बारीक कचकच जाणवली, आणि जिभेवर ठेवून पाहिला तर त्याला चव अशी नव्हतीच. खोक्याच्या बाजूवर लिहिले होते की १०० मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. त्या कॅल्शियमचा बराचसा भाग आईच्या पेल्यात जाण्याऐवजी माझ्या बोटावर आला होता. आईच्या हाडांची घनता कमी झाल्याचे निदान होऊन तेव्हा वर्ष उलटले होते, आणि दिवसातून दोनदा हा पेला मी तिच्या हातात देत होते तो या कॅल्शियमसाठीच.

दुधाला पर्याय शोधण्याची सुरुवात माझ्या पोटापासून झाली. चाळिशीनंतर दूध प्यायले की तासाभरात पोट फुगायचे, गुरगुरायचे आणि पुढचा अर्धा दिवस कशात लक्ष लागत नसे. श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी झाली आणि दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, मला पचत नाही हे कळले. ही साखर ग्लुकोज आणि गॅलेक्टोज यांच्या जोडीने बनलेली असते आणि ती जोडी तोडण्याचे काम लहान आतड्यातले लॅक्टेज नावाचे एन्झाइम करते. ते पुरेसे नसेल तर न पचलेली साखर तशीच मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जीवाणू ती आंबवतात, त्यातून वायू तयार होतो आणि त्यातलाच थोडा हायड्रोजन श्वासावाटे बाहेर येतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत अंगावरचे दूध सुटले की लॅक्टेज कमी होत जाते. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांचेही तेच होते. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता टिकते ती मुख्यतः गेल्या १०,००० वर्षांत गुरे पाळणाऱ्या समाजांत पसरलेल्या काही जनुकीय बदलांमुळे. हे वाचल्यावर मला फार बरे वाटले. आपल्यात काही बिघाड झाला आहे ही भावना गेली.

डॉक्टरांनी मला दूध सोडायला सांगितले नव्हते, हे इथे स्पष्ट करायला हवे. लॅक्टोज न पचणारी पुष्कळ माणसे एका वेळी कपभर दूध, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, जेवणाबरोबर घेतले तर सहन करू शकतात. दह्यात जीवाणूंनी साखरेचा काही भाग आधीच खाल्लेला असतो. लॅक्टेज घालून साखर आधीच तोडलेले लॅक्टोजमुक्त दूधही मिळते. त्याची चव थोडी गोड लागते, कारण तोडलेल्या दोन साखरा मूळ लॅक्टोजपेक्षा गोड असतात. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी ही मात्र अगदी निराळी गोष्ट आहे. तिथे असे दूध चालत नाही आणि थोडेसे दूधही धोक्याचे ठरू शकते. पोटाच्या एवढ्याच कारणासाठी मला वनस्पतींकडे वळण्याची गरज नव्हती, आणि काही महिने मी लॅक्टोजमुक्त दूधच पीत होते.

वळण आले ते आईमुळे. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही आणि दूध-व्यवसायात वासराला बहुतेकदा काही तासांत किंवा काही दिवसांत आईपासून वेगळे करतात, हे ती जाणून होती. वयाच्या बहात्तराव्या वर्षी एके दिवशी तिने पेला बाजूला सारला आणि म्हणाली, “इतकी वर्षं वासराच्या वाटचं प्यायले गं, आता पुरे.” त्यावर मी वाद घातला नाही. तिच्या त्या एका वाक्याने माझ्याही मनात घर केले, आणि त्याच सुमारास वाचलेल्या काही आकड्यांनी ते पक्के केले. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार १ लिटर गाईच्या दुधामागे सरासरी सुमारे ३.२ किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू बाहेर पडतात आणि जवळजवळ ९ चौरस मीटर जमीन लागते. सोया, ओट, बदाम आणि तांदूळ यांच्या दुधांमागे हेच उत्सर्जन साधारण ०.७ ते १.२ किलोच्या दरम्यान आहे आणि जमीन १ चौरस मीटरपेक्षाही कमी. पाण्याचा हिशेब इतका सरळ नाही. गाईच्या दुधाला लिटरमागे ६२८ लिटर पाणी लागते, तर बदामाला ३७१, तांदळाला २७०, ओटला ४८ आणि सोयाला २८. म्हणजे हवेचा विचार केला तर बदाम पहिला येतो आणि पाण्याचा केला तर या चौघांत शेवटचा. त्यातही जगातले बहुतेक बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकतात, जिथे पाण्याची टंचाई नित्याची आहे, हे लक्षात घेतले की ३७१ हा आकडा आणखी जड होतो. सोयाबीनसाठी जंगले तोडली जातात हा आक्षेपही मी तपासला. तो खरा आहे, पण जगातल्या सोयाबीनचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जनावरांच्या खाद्यात जातो, माणसांच्या पेल्यात जाणारा वाटा फार लहान आहे.

तरीही मी पहिल्यांदा घरी आणले ते बदामाचेच दूध, आणि तेही सेंद्रिय. माझी चूक तिथेच झाली, आणि तिचा मला अजूनही विषाद वाटतो, कारण तिचा भार माझ्या हाडांवर पडला नाही, आईच्या हाडांवर पडला. बदाम पौष्टिक असतात आणि दूधही पौष्टिक असते, तेव्हा बदामाचे दूध म्हणजे दुधात साखर, असे मी गृहीत धरले. खोका उलटून वाचण्याचे मनातही आले नाही. जन्मभर आपण दूध वाचून कधी प्यायलो नव्हतो. दुधाला नाव पुरेसे होते, आत काय आहे ते आई-आजीपासून ठाऊक असल्यासारखे वाटायचे, आणि तोच विश्वास मी नकळत त्या नव्या खोक्याला देऊन टाकला. आठ महिन्यांनी डॉक्टरांनी विचारले, “रोज प्रथिने किती जातात पोटात?” तेव्हा मी घरी येऊन प्रथमच बारीक अक्षरे वाचली. बदाम २ टक्के, बाकी जवळजवळ सगळे पाणी. लिटरमध्ये २० ग्रॅम बदाम, म्हणजे मोजून सोळा-सतरा. आईच्या पेल्यात चार बदामांचे सत्त्व येत होते. गाईच्या दुधाच्या २४० मिलिलिटरच्या पेल्यात साधारण ८ ग्रॅम प्रथिने आणि ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. या पेल्यात प्रथिने एक ग्रॅमच्या आसपास होती आणि कॅल्शियम नावापुरते. ते वरून घातलेलेच नव्हते. युरोपीय संघात तर सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पेयात निव्वळ पोषण वाढवण्यासाठी कॅल्शियम घालण्याची परवानगी नाही, आणि समुद्री शैवालाच्या भुकटीतून ते घालण्याचा प्रयत्नही तिथल्या न्यायालयाने २०२१ मध्ये अमान्य केला, हे मला फार नंतर कळले. अधिक शुद्ध म्हणून मी जे निवडले होते, ते आईच्या गरजेच्या दृष्टीने अधिक रिकामे होते.

बदामाच्या दुधाला दूध म्हणू नये, असे मात्र मला वाटत नाही. हा शब्दप्रयोग आजच्या जाहिरातदारांनी शोधलेला नाही. मध्ययुगीन युरोपात उपवासाच्या दिवसांत जनावरांचे दूध वर्ज्य असे, तेव्हा बदाम वाटून काढलेले दूधच स्वयंपाकात वापरले जाई, आणि चौदाव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजघराण्यातल्या पाककृतींत ते त्याच नावाने येते. मराठीतही नारळाच्या दुधाला आपण दूधच म्हणतो. युरोपीय न्यायालयाने २०१७ मध्ये निव्वळ वनस्पतिजन्य पेयांना दूध म्हणून विकण्यास मनाई केली, पण नारळाचे दूध किंवा स्पॅनिश भाषेतले बदामाचे दूध यांसारखे रूढ अपवाद त्यालाही मान्य करावे लागले. त्या बंदीने माझ्या आईचे काही भले झाले असते, असे मला वाटत नाही. मला हवे होते ते खोक्याच्या पुढच्या बाजूला, नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, प्रथिनांचे आणि कॅल्शियमचे आकडे. आजही ते मागच्या बाजूला, घडीच्या जवळ असतात आणि वाचायला आईला भिंग लागते.

त्यानंतर आम्ही सोयाकडे आलो आणि तिथेच राहिलो. वनस्पतींच्या दुधांत प्रथिनांच्या बाबतीत गाईच्या दुधाच्या सर्वांत जवळ जाणारे दूध सोयाचे. पेल्यात साधारण ७ ग्रॅम प्रथिने, आणि त्यांत शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्ले. पिवळ्या वाटाण्याचे प्रथिन काढून केलेले दूधही प्रमाणात बरोबरीला येते, पण त्याची चव आईला रुचली नाही. सोयाची तरी कुठे लगेच रुचली? “शेंगा सोलल्याचा वास येतोय,” असे ती पहिल्या घोटाला म्हणाली, आणि तिचे नाक अचूक होते. हा वास भिजलेल्या दाण्यात नसतो. दाणा फुटून त्याची पाण्याशी आणि हवेशी गाठ पडली की त्यातले लायपॉक्सिजनेज नावाचे एन्झाइम तेलाच्या कणांवर काम करू लागते आणि काही क्षणांत तो हिरवट वास तयार होतो. हे समजल्यावर मी ते घरी करून पाहायचे ठरवले. रात्रभर भिजवलेले १०० ग्रॅम सोयाबीन सकाळी चोळून साले काढली, आणि गार पाण्याऐवजी कडकडीत तापवलेल्या पाण्यात वाटले. ८० अंशांच्या वर ते एन्झाइम निकामी होते. फरक इतका स्पष्ट होता की आधीच्या दिवशी गार पाण्यात वाटलेला पेला शेजारी ठेवून आईने डोळे मिटूनही दोन्ही ओळखले.

पण घरी करण्यातली खरी मेख पुढे आहे. फडक्यातून गाळलेले दूध मी विस्तवावर ठेवले आणि काही मिनिटांत ते फेसाळून थेट पातेल्याच्या काठापर्यंत आले. उकळले म्हणून मी गॅस बंद केला. ते उकळलेले नव्हते. सोयाबीनमधल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यांमुळे साधारण ८० अंशांनाच असा फेस धरतो आणि दूध उतू जाते आहे असा भास होतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, आणि ते जायचे असतील तर फेस खाली बसवून, आच मंद करून, ढवळत राहून खरी उकळी आणावी लागते आणि त्यानंतरही दहा-पंधरा मिनिटे ते उकळू द्यावे लागते. त्या दिवशी आम्हा दोघींनाही मळमळले. घरचे म्हणजे निर्धोक, या समजुतीलाही तेव्हा धक्का बसला. शिवाय सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात, ज्या कोणाच्याच आतड्यात नीट पचत नाहीत आणि जीवाणूंकडूनच आंबतात. लॅक्टोजपासून सुटलो म्हणून मोठा पेला भरून प्यायलो तर पोट पुन्हा फुगू शकते. मी पहिला महिना अर्ध्या पेल्यावर काढला.

कॉफीसाठी मात्र मी ओटचे दूध ठेवले आहे, आणि त्यात पोषणाचा कसलाही दावा नाही, ती केवळ माझी आवड आहे. ओटचे दूध स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे यांच्या संशोधनातून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. ओट पाण्यात दळून त्यातल्या पिष्टाचे एन्झाइमच्या मदतीने लहान तुकडे करायचे, ही त्यातली युक्ती. घरी ओट भिजवून वाटले आणि तापवले तर ते खळीसारखे चिकट होते, कारण तिथे ते पिष्ट तसेच राहते. एन्झाइमने तुटलेल्या पिष्टातून माल्टोज नावाची साखर तयार होते, म्हणून साखर न घालताही हे दूध गोडसर लागते. मधुमेह असलेल्याने ‘साखर घातलेली नाही’ या शब्दांवर विसंबून राहू नये, एकूण साखरेचा आकडा पाहावा. प्रथिने यात सोयापेक्षा बरीच कमी असतात. पण कॉफीत ते फाटत नाही. सोयाचे प्रथिन आम्लता वाढून सामू (पीएच; आम्लता वाढते तसा हा आकडा उतरतो) ४.५ च्या आसपास आला की साकळते. कॉफी ५ च्या आसपास असते आणि वर गरम असते, त्यामुळे सोयादूध ओतले की पेल्यात पांढरे तुकडे तरंगू लागतात. दूध आधी कोमट करून घेतले आणि थोडी निवलेली कॉफी त्यात हळूहळू ओतली, तर बहुतेक वेळा ते टळते.

तांदळाच्या दुधाचा मोह मी केला नाही. त्यात प्रथिने जवळपास नसतात आणि तांदूळ मातीतले आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा अधिक शोषतो. ब्रिटनमध्ये ५ वर्षांखालच्या मुलांना तांदळाचे पेय दुधाऐवजी देऊ नये, असा अधिकृत सल्ला आहे. खोक्यातले नारळाचे पेय चवीला सुरेख, पण पेल्यात स्निग्धता आणि पाणी सोडले तर फारसे काही नाही.

मुलांचा विषय निघाला म्हणून. माझ्या धाकट्या बहिणीने चौदा महिन्यांच्या मुलासाठी फोनवर विचारले, “ताई, तुमचंच दूध याला सुरू करू का?” तिला मी उत्तर दिले नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले, कारण आईच्या बाबतीत आठ महिने वाया घालवल्यानंतर कोणासाठीही परस्पर ठरवण्याचे धाडस माझ्यात उरले नव्हते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला आईचे दूध किंवा शिशुआहार (बाळांसाठी खास बनवलेले फॉर्म्युला दूध) यांच्या जागी यांतले कोणतेही दूध देता येत नाही, याबद्दल दुमत नाही. त्यानंतर पाच वर्षांपर्यंत, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे दिलेल्या सल्ल्यानुसार, गाईच्या दुधाच्या जागी घेण्याजोगे म्हणून फक्त बिनसाखरेचे, पोषणद्रव्ये घातलेले सोयादूध मानले जाते.

पोषणद्रव्ये घातलेले, हे शब्द मी आता खोक्यावर सर्वांत आधी शोधते. ब१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळतच नाही, ड जीवनसत्त्व आणि आयोडीन वनस्पतींच्या दुधांत मुळात जवळपास नसते, आणि आयोडीन तर अनेक उत्पादक अजूनही घालत नाहीत. कॅल्शियम बहुधा कॅल्शियम कार्बोनेट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या रूपात घालतात. कार्बोनेट घातलेल्या सोयादुधातले कॅल्शियम गाईच्या दुधातल्याइतकेच अंगी लागते, असे मोजमापातून दिसले आहे, फॉस्फेटचे थोडे कमी. पण दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, दळलेल्या खडूसारखी फक्त तरंगत राहतात. जेलन गमसारखा गोंद त्यांना काही काळ वर धरून ठेवतो, पण खोका आठवडाभर फ्रीजच्या दारात स्थिर उभा राहिला की ती सावकाश खाली बसतात. ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’ ही सूचना मी चवीसाठी असेल असे समजत होते. औषधाच्या बाटलीवरची हीच सूचना मी कधी चुकवली नसती.

त्या सकाळी कापलेला खोका मी आईला नेऊन दाखवला. तिने साक्याकडे बराच वेळ पाहिले आणि माझ्यावर रागावण्याऐवजी फक्त विचारले, “म्हणजे शेवटच्या पेल्यात सगळं होतं का गं?” शेवटचा पेला बहुतेक वेळा मीच संपवत असे. त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी नीट केली. आईची थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी असते, आणि सोया व कॅल्शियम दोन्ही तिच्या शोषणात अडथळा आणतात. त्यामुळे सकाळचा पेला दुपारी गेला, गोळीनंतर किमान चार तासांनी.

आता खोका हलवण्याचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे. मनगटात जोर कमी म्हणून ती तो दोन्ही हातांनी धरते, एकदा उलटा करते, सुलटा करते आणि मोठ्याने वीसपर्यंत मोजते. गेल्या महिन्यात संपलेला खोका मी पुन्हा कात्रीने उघडला. तळाच्या कोपऱ्यात, घडीच्या रेषेत, नखाएवढा पांढरा भाग उरला होता. मी तो तिला दाखवला. दुसऱ्या दिवसापासून ती पंचविसापर्यंत मोजते.